फक्त चहा

मार्च असूनही व्होरूच्या तळ्यावर बर्फ आहे.
साडेपाचला मी दुकानातले दिवे लावते
आणि ती येते, केर्त्तू,
पलीकडच्या सुतारशाळेत शिकणारी,
टोपीवर लाकडाचा भुसा.
हातमोजे न काढताच ओळखपत्र सरकवते.

पडद्यावर उमटतं: सर्ट्रालिन, पन्नास, सकाळी एक.
त्याखाली तिची जुनी ओळ:
एकवीस गोळ्या, सात दिवस सुट्टी.

"भांडतील का?"
"कोण?"
"या दोघी."
इतक्या बारीक आवाजात, की मागचा म्हातारा,
गुडघ्याच्या मलमासाठी आलेला,
आपणहून वळतो
आणि टूथब्रश न्याहाळत उभा राहतो.

नाही भांडत, मी सांगते.
गुण्यागोविंदानं नांदतात.
पहिले काही दिवस मळमळेल, झोप इकडची तिकडे होईल.
मन आणखीच खाली जायला लागलं
तर डॉक्टरांना फोन कर, वाट बघत बसू नकोस.
ती मान हलवते. खांदे बोटभर खाली येतात.

मग मी विचारते,
जे एकवीस वर्षं प्रत्येकीला विचारत आले:
आणखी काही घेतेस?
"नाही."
गोळ्या, थेंब, जीवनसत्त्वं?
"नाही. फक्त चहा."

फक्त.
या शब्दानं माझ्या पोटात गोळा येतो.

"आईनं दिलाय. पिवळी फुलं.
जूनमध्ये ती आणि मावशी कुरणातून खुडून आणतात.
उदास वाटलं की दोन कप.
औषध थोडंच आहे ते."

त्या फुलाला आमच्या भाषेत म्हणतात
बायकांचं लाल.
फूल पिवळंधमक, पण कळी चुरडली
की बोटं लाल होतात.
नाव ठेवणारीनं कळी चुरडून पाहिली असणार.

मी काउंटरवर कोपर टेकून तिला यकृत सांगते.
तिथे आत धुणंभांडी करणाऱ्या बाया असतात, म्हणते,
पोटात आलेलं सगळं घासूनपुसून बाहेर काढणाऱ्या.
हे फूल त्यांना जास्तीच्या कामाला जुंपतं.
मग त्या तुझी एकवीसातली गोळीही घासतात,
तिची वेळ व्हायच्या आत
चकचकीत करून मोरीत सोडून देतात.
तू रोज न चुकता घेतेस
आणि आत कुणीच नसतं.
नव्या गोळीशी तर त्याचं मुळीच जमायचं नाही,
दोघं एकच दार एका दिशेनं ढकलतात,
अंग थरथरतं, ताप चढतो.
चहा आजच बंद.
पण बाया लगेच थांबत नाहीत,
महिनाभर तरी त्यांचे हात चालूच राहतात,
तोवर दुसरी काळजी घ्यायची.

"आईला काय सांगू?"

याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

माझा ऊकू तेवीस वर्षांचा आहे.
त्या हिवाळ्यात मी स्वतः फार्मसी शिकत होते,
रडू यायचं, बरणी होती, गोळीही होती,
आणि मला कुणी विचारलं नव्हतं.
कधी तो म्हणतो, आई, मी ठरवून झालो का गं?
मी म्हणते, तू फुलातून आलास.
त्याला वाटतं, लाडात बोलते.

"कधीपासून पितेस?"
"नाताळ."
आणि आता ती हातमोजे काढते,
दोन्ही,
नीट एकावर एक ठेवते
आणि बोटांवर मोजू लागते.
अंगठा, तर्जनी. थांबते. पुन्हा पहिल्यापासून.

मी खालच्या खणातून एक चपटी डबी काढते,
गोळ्यांच्या पिशवीत टाकते,
पैशाचं नंतर बघू म्हणते.
तिनं होही म्हटलं नाही, नाहीही.
दार उघडलं तेव्हा तळ्यावरचा वारा
सरळ आत, काउंटरपर्यंत.

मोजे विसरली.

म्हातारा पुढे येतो.
मलमाचं त्याच्या लक्षातच नाही.
तीन टूथब्रश ठेवतो माझ्यासमोर, तिन्ही निळे,
आणि दाराकडे बघत विचारतो,
"कुणीतरी असेल ना तिच्यासोबत?"